या शनिवार-रविवारी काय पाहावे? : नाट्यजाहिरात, शिफारस आणि मराठी प्रयोगकलांतील प्रतिष्ठेची सीमारेषा

सारांश : वृत्तपत्रांतील नाटकांच्या जाहिराती आणि 'अवश्य पाहावे' अशा स्वरूपाच्या शिफारशी यांकडे नाट्येतिहासाचे दुय्यम साधन म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या साधनाचे मोल आणि त्याच्या मर्यादा तपासल्या आहेत. सुटीच्या दिवशी कोणता प्रयोग पाहण्याजोगा आहे, हे ठरविणाऱ्या यादीमागे साप्ताहिक सुटी, परवाना, कर, नाट्यगृह आणि मान्यवरांचा शब्द या घटकांचा इतिहास आहे. तमाशा, संगीत बारी आणि कॅबरे यांचे आकृतिबंध या यादीत शिरले. परंतु ते आकृतिबंध जपणाऱ्या कलावंतांना, विशेषतः स्त्रियांना, ती वाट दीर्घकाळ खुली झाली नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : नाट्यजाहिरात, शिफारस, तमाशा, संगीत बारी, कॅबरे, प्रेक्षक, प्रतिष्ठा.

१. प्रस्तावना

शनिवारी सकाळी वृत्तपत्र हाती आले की नाटकांच्या जाहिरातींचे पान आधी उघडावयाचे, ही सवय मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक येथील मराठी मध्यमवर्गाच्या किमान दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. नाटकाचे नाव, लेखक-दिग्दर्शकांचा उल्लेख, कलावंतांची नामावळी, नाट्यगृह, वार आणि वेळ, 'आगाऊ तिकीटविक्री सुरू' ही ओळ आणि कडेला एखाद्या समीक्षकाचे प्रशंसेचे वाक्य, एवढ्या सामग्रीवर घरातील निर्णय होत असे. संध्याकाळचा प्रयोग की दुपारचा, मुलांना न्यावे की न न्यावे, पाहुण्यांसाठी तिकिटे काढावीत की नाही, याची चर्चा त्या पानाभोवती चाले.

या पानावर काय आहे, याचा अभ्यास नाट्येतिहासकारांनी थोडाफार केला आहे. त्या पानावर काय नाही, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेलेला नाही. शिवाजी मंदिरात सामाजिक नाटकाचा प्रयोग रंगत असता लालबागच्या हनुमान थिएटरात ढोलकी कडाडत होती. बालगंधर्व रंगमंदिरात तिसरी घंटा होत असता पुण्याच्याच आर्यभूषण थिएटरात संगीत बारीतील घुंगरू वाजत होते. दोन्हीकडे तिकीट होते, प्रेक्षक होते आणि वर्षानुवर्षांच्या तालमीने कमावलेली कला होती. तरीही 'या आठवड्यात काय पाहावे' या प्रश्नाच्या सुशिक्षित उत्तरात त्यांपैकी एकाचाच समावेश होत असे. हा भेद स्वाभाविक नसून तो इतिहासक्रमात घडत गेला आहे. तो कसा घडला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. सुटीचा दिवस

'शनिवार-रविवार' ही मनोरंजनाची वेळ आज आपण गृहीत धरतो. वस्तुतः ती अलीकडची आहे. गावगाड्यात करमणुकीचा काळ ठरे तो यात्रा, उत्सव, लग्नसराई आणि सुगी यांवरून. आठवड्याची सुटी ही गिरणी, कचेरी आणि शाळा यांची देणगी होय. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालील चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळू लागली, आणि १८९१ च्या कारखाने कायद्याने साप्ताहिक सुटीला कायद्याचा आधार दिला. ज्याला सुटी आहे तोच 'सुटीत काय पाहावे' असे विचारू शकतो. या अर्थाने शहरी प्रेक्षकाच्या इतिहासात लोखंडे यांचे स्थान एखाद्या नाटककाराइतके महत्त्वाचे मानावयास हवे.

येथेच एक विसंगती ध्यानात येते. रविवारची सुटी ज्यांच्या लढ्यातून आली त्या कामगारांच्या करमणुकीला पुढे वृत्तपत्रीय शिफारशीत स्थान मिळाले नाही. गिरणगावातील तमाशा, शाहिरी, भजन आणि कोकणातून आलेले दशावतार यांचा आस्वाद शेजारी, खानावळी आणि गाववाले यांच्या तोंडी निरोपावर चाले. कचेरीतील नोकरदाराची सुटी छापील पानाने भरली आणि कामगाराची सुटी तोंडी वार्तेने भरली. पुढील इतिहासलेखन छापील पानावर विसंबल्यामुळे पहिल्याची करमणूक 'रंगभूमी' ठरली आणि दुसऱ्याची 'लोककला'.

३. हस्तपत्रकापासून वृत्तपत्रापर्यंत

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली येथे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' सादर केले. त्या प्रयोगाला जाहिरातीची गरज नव्हती. आश्रयदाता संस्थानिक हाच शिफारसकर्ता होता आणि त्याच्या निमंत्रणावरून प्रेक्षक जमत असे. राजाश्रय संपल्यावर मंडळी मुंबईस आली, तेव्हा स्थिती पालटली. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ साली उभ्या राहिलेल्या ग्रँट रोड थिएटरात भावे यांच्या मंडळीचे १८५३ साली प्रयोग झाले. येथे प्रेक्षक अनोळखी होता, तो तिकीट काढून येणारा होता आणि त्याला आधी कळविणे आवश्यक होते. आश्रयाकडून तिकिटाकडे झालेल्या या संक्रमणातून मराठी नाट्यजाहिरातीचा जन्म झाला.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि नाटक पाहणे ही सुशिक्षितांच्या दृष्टीने अभिरुचीची गोष्ट ठरली. कालिदासाचे नाव, शास्त्रोक्त गायकी आणि शिकलेले नट, या तिन्हींमुळे नाटकाभोवतीचा संशय निवळू लागला. नाटक मंडळ्यांच्या काळातील जाहिरातीत प्रेक्षकांची वर्गवारी स्पष्ट असे. बैठकीच्या दर्जानुसार दर निराळे असत आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय असे. नाटक कोणासाठी आहे, हे जाहिरात अशा रीतीने आपोआप सांगून जाई.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग हे शिफारशीच्या सामर्थ्याचे उत्तम उदाहरण होय. बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या प्रमुखांनी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र काम केले. येथे नाटक पाहणे हे राष्ट्रकार्य झाले. कलेला एखाद्या थोर कार्याची जोड मिळाली की तिची प्रतिष्ठा वाढते. तशी जोड तमाशाला त्या काळात मिळणे कठीण होते.

या काळातील एक विरोधाभास लक्षणीय आहे. प्रतिष्ठित रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुष करीत होते आणि त्यांच्या वेशभूषेची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत होत्या. त्याच सुमारास पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या फडात पवळा हिवरगावकर ही स्त्री कलावंत हजारो प्रेक्षकांपुढे उभी राहत होती. रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांच्या घरातील श्रीधर तमाशात गेला म्हणून त्याला ज्ञातिबांधवांचा रोष पत्करावा लागला. पवळेचे नाव तर नाट्येतिहासाच्या मुख्य प्रकरणांत क्वचितच येते. नाटकात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याच्या दृष्टीने 'नाट्यमन्वंतर' संस्थेच्या १९३३ सालच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाचा उल्लेख मैलाचा दगड म्हणून केला जातो. तो योग्यच आहे. मात्र स्त्री त्यापूर्वीच मराठी रंगमंचावर उभी होती. तो रंगमंच शिफारशीच्या यादीबाहेर होता, एवढेच.

४. परवाना, कर आणि बंदी

कोणता प्रयोग पाहावा, या निर्णयात प्रेक्षकाच्या आधी शासन सहभागी असते. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्यान्वये राजद्रोही वा अनिष्ट प्रयोगांवर बंदी घालण्याचा अधिकार ब्रिटिश सरकारने घेतला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'कीचकवध' (१९०७) या नाटकावर १९१० साली बंदी आली. १९२३ च्या मुंबई करमणूक कर कायद्याने प्रयोगाच्या तिकिटावर शासनाचा वाटा लावला. पुढे कोणत्या प्रकारच्या प्रयोगास करात सूट द्यावी, हा प्रश्न अपरिहार्यपणे 'कोणता प्रयोग संस्कृतीचा आणि कोणता निव्वळ करमणुकीचा' या प्रश्नाचे रूप घेऊ लागला.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर तमाशाला मिळाले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४८ च्या सुमारास, अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारणेसाठी समिती नेमण्यात आली. कलावंतांच्या पोटावर आलेला हा प्रसंग होता. फडातील ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणारी स्त्री आणि त्यांची मुले यांना दुसरा व्यवसाय नव्हता.

याच पार्श्वभूमीवर 'लोकनाट्य' या शब्दाकडे पाहावे लागते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली स्थापलेल्या लाल बावटा कलापथकाने तमाशाचा साचा श्रमिकांच्या प्रश्नांसाठी वापरला होता. गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमात अण्णा भाऊंनी अर्थपूर्ण बदल केले. गणात देवाऐवजी मातृभूमी आणि कष्टकरी यांना वंदन आले. तमाशावर बंदी असता 'लोकनाट्य' या नावाखाली हा आकृतिबंध तगून राहिला. नाव पालटताच प्रयोग करता येतो, हा धडा पुढील काळात अनेकांनी गिरविला. कलाप्रकार वाचविणारी ही युक्ती कालांतराने कलाप्रकार आणि कलावंत यांना एकमेकांपासून वेगळे करणारी ठरली, हे पुढे दिसून येईल.

१९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने सार्वजनिक करमणुकीच्या जागांवरील नियंत्रण पोलिसांकडे दिले, आणि १९६० च्या नियमांत मेळे व तमाशे यांचा नावानिशी उल्लेख झाला. संहितेचे पूर्वपरीक्षण हीही रीत रूढ झाली. ती नाटकालाही जाचक होती. विजय तेंडुलकर यांच्या 'सखाराम बाइंडर' (१९७२) या नाटकाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. तथापि नाटककाराजवळ वृत्तपत्र होते, वकील होता आणि बाजू मांडणारा वाचकवर्ग होता. फडाच्या मालकिणीजवळ यांपैकी काहीच नव्हते.

५. नाट्यगृहे आणि मान्यवरांचा शब्द

१९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेने हौशी रंगभूमीला बळ दिले. १९६५ साली दादरचे शिवाजी मंदिर, १९६८ साली पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर आणि १९७८ साली ठाण्याचे गडकरी रंगायतन सुरू झाले. नियमित तारखा, निश्चित आसनसंख्या आणि रेल्वे वा बसने घरी परतता येईल अशी वेळ, या तीन गोष्टींमुळे रात्रभर चालणारे नाटक तीन तासांचे झाले आणि कुटुंबाच्या वेळापत्रकात बसले. वृत्तपत्रातील नाटकांचे पान हे या नाट्यगृहांच्या तारखांचे छापील रूप होते. ज्या प्रयोगाला अशा नाट्यगृहाची तारीख नाही, तो त्या पानावर येणे दुरापास्त होते.

याच काळात समीक्षकाच्या आणि मान्यवराच्या शब्दाला वजन आले. माधव मनोहर यांच्यासारख्या समीक्षकांच्या परीक्षणांकडे निर्माते डोळे लावून बसत. शिफारशीच्या सामर्थ्याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' (१९८०). आरंभी या मालवणी नाटकाला पुरेसा प्रेक्षक मिळत नव्हता. पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहून पत्राद्वारे मनःपूर्वक कौतुक केले, ते पत्र जाहिरातीतून लोकांपर्यंत पोहोचले आणि पुढे मच्छिंद्र कांबळी यांच्या या नाटकाने हजारो प्रयोगांचा पल्ला गाठला. एका पत्राने प्रेक्षक निर्माण झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. नाटकात ते सत्त्व होतेच. परंतु गावच्या दशावताराची आणि मालवणी बोलीची मजा शहरी प्रेक्षकाने निःसंकोच घ्यावी, याची परवानगी त्या पत्राने दिली. शिफारस म्हणजे केवळ माहिती नव्हे. 'तुम्ही हे पाहिलेत तर तुमची अभिरुची कमी लेखली जाणार नाही', असे ते अभय असते.

६. आकृतिबंधाचा प्रवेश, कलावंताची प्रतीक्षा

१९६० नंतर तमाशाचा आकृतिबंध प्रतिष्ठित रंगमंचावर वेगाने आला. वसंत सबनीस यांचे 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) दादा कोंडके यांनी घरोघरी पोहोचविले. कोंडके राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले होते, पारंपरिक फडातून नव्हे. १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रथम सादर झालेल्या तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये कीर्तन, लावणी आणि खेळे यांचा मेळ होता. बावन्नखणीची रात्र त्यात पेशवाईच्या सत्तेचे रूपक होऊन आली. मूळ संस्थेने प्रयोग थांबविल्यानंतर जब्बार पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली 'थिएटर अकॅडमी' स्थापून नाटक पुन्हा उभे केले व ते युरोपातही पोहोचले. बावन्नखणी जगभर गेली. परंतु त्या परंपरेतील लावणी कलावंत त्याच शहरात, त्याच वर्षांत, शिफारशीच्या यादीबाहेरच राहिल्या.

'कॅबरे' या शब्दाचा विचारही येथेच करावयास हवा. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात १८८१ साली 'ल शा न्वार' सुरू झाले, तेव्हा कॅबरे म्हणजे कवी, चित्रकार आणि गायक यांची पेयपानासह चालणारी मैफल होती. १९०१ साली बर्लिनमध्ये तिचे अनुकरण झाले, आणि १९१८ नंतर नाट्यनियंत्रण उठल्यावर बर्लिनचा कॅबरे राजकीय उपहासाचे तीक्ष्ण साधन बनला. निवेदकाची चुरचुरीत टीकाटिप्पणी, सुटी गाणी, नृत्य आणि प्रेक्षकाशी थेट संवाद ही त्याची अंगे होत. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या १९२८ सालच्या 'थ्री पेनी ऑपेरा'च्या गाण्यांवर या परंपरेचा ठसा आहे. पु. ल. देशपांडे यांनी त्याचे मराठी रूप सिद्ध केले आणि 'थिएटर अकॅडमी'ने ते १९७८ साली रंगमंचावर आणले, तेव्हा त्याचे नाव 'तीन पैशाचा तमाशा' असे ठेवण्यात आले. हे नामकरण मार्मिक आहे. बर्लिनच्या रात्रीच्या गाण्याला मराठीत सख्खे नाते शोधावयाचे तर ते तमाशात सापडते, हे त्या नावाने मान्य केले.

याउलट सर्वसामान्य मराठी प्रेक्षकाच्या मनात 'कॅबरे' या शब्दाचा अर्थ हिंदी चित्रपटातील हॉटेलच्या दृश्यावरून ठरला. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा होता आणि त्यांच्यापैकी अनेकांनी हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यरचनेचे नवे भान दिले. तरीही त्या संगीताचा उल्लेख मराठी सांस्कृतिक इतिहासात अभावानेच होतो. उपहास आणि संगीत ही कॅबरेची मूळ अंगे नाटकाने स्वीकारली आणि नाचणाऱ्या स्त्रीवरील कलंक तेवढा त्या शब्दाच्या वाट्यास राहिला.

येथे एक आक्षेप संभवतो. हिराबाई बडोदेकर किंवा गोमंतकातील गायनपरंपरेतून आलेल्या ज्योत्स्ना भोळे यांना प्रतिष्ठा मिळाली, मग कलावंत स्त्रियांना वाट बंद होती असे कसे म्हणावे? आक्षेप रास्त आहे. तथापि त्यांची वाट शास्त्रीय आणि नाट्यसंगीताची होती. लावणीच्या वाटेने तेथवर पोहोचणे अधिक बिकट होते. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांना १९५७ आणि १९९० अशा दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. अखेरचे दिवस मात्र आर्थिक विवंचनेत गेले. यमुनाबाई वाईकर यांना पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, वयाच्या नव्वदीनंतर. गौरव आणि उपजीविका यांतील हे अंतर कोणत्याही जाहिरातीच्या पानावर दिसत नाही.

७. राहुटी : शिफारशीची दुसरी परंपरा

फडाच्या तमाशाला शिफारस नव्हती असे मात्र नाही. तिची संस्था निराळी होती. चैत्रातील यात्रांच्या आधी नारायणगाव येथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी, पंच आणि यात्रा समितीची माणसे तेथे येतात, फडांची चौकशी करतात, यंदा वग कोणता, नाचकाम कसे, सोंगाड्या कोण, हे विचारतात आणि सुपारी ठरते. मागील वर्षी शेजारच्या गावात कोणता फड रंगला, ही आठवण येथे परीक्षणाचे काम करते. गावाने निवडलेला फड सारे गाव पाहते. प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्रपणे तिकीट काढण्याची शहरी रीत येथे लागू नाही. निवड सामूहिक आहे आणि तिची जबाबदारीही सामूहिक आहे.

संगीत बारीचा व्यवहार याहून निराळा. येथे वग नसतो. लावणी, अदाकारी आणि बैठक यांना महत्त्व असते. चौफुला येथील थिएटरांसारख्या ठिकाणी नियमित प्रयोग होत आले. येणारा रसिक फर्माईश करतो आणि दौलतजादा देतो. या व्यवहारात रसिकतेबरोबर शोषणही आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु शोषणाचे कारण दाखवून कला नाकारावयाची आणि कला नाकारल्यावर कलावंताच्या हक्कांचा प्रश्नही नाकारावयाचा, ही रीत अभ्यासकाला शोभणारी नाही.

या परंपरेवर विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठे आघात झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईतील कामगार प्रेक्षक विखुरला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकावर मर्यादा आणली. पहाटेपर्यंत चालणाऱ्या वगाचा गळा त्यामुळे आवळला गेला. नागरिकांच्या झोपेचा हक्क मान्य करूनही, रात्रीवर उभ्या असलेल्या कलेचे काय, याचा विचार त्या वेळी झाला नाही.

८. कायद्याने आखलेली रेषा

नाटक आणि रात्रीचे नृत्य यांतील भेद कायद्याच्या भाषेत सर्वांत स्पष्टपणे उमटला तो २००५ साली. मुंबई पोलीस कायद्यात कलम ३३अ आणि ३३ब यांची भर घालून महाराष्ट्र शासनाने उपाहारगृहे, परमिट रूम आणि बिअर बार येथील नृत्यावर बंदी आणली. त्याच वेळी नाट्यगृहे, क्लब व जिमखाने आणि तारांकित हॉटेले यांना वेगळी वागणूक दिली. नृत्य तेच असले तरी जागा आणि प्रेक्षकाची ऐपत यांवरून ते योग्य वा अयोग्य ठरावे, असा याचा अर्थ होता. सुमारे ७५ हजार स्त्रियांच्या उपजीविकेचा प्रश्न या संदर्भात मांडला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ही तरतूद समानतेच्या आणि व्यवसायस्वातंत्र्याच्या हक्कांशी विसंगत ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निर्णय कायम केला. २०१४ च्या दुरुस्तीने बंदी सर्वांना लागू केली गेली, २०१६ साली स्वतंत्र कायदा आला आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील अनेक अटी रद्द केल्या. कलावंतास बक्षिसी देता येईल, परंतु नोटांची उधळण करता येणार नाही, असेही त्या निकालात स्पष्ट झाले. दौलतजादा या जुन्या रिवाजाची ही जणू आधुनिक न्यायालयीन चिकित्साच होती.

या निकालांत ज्या प्रश्नाला हात घातला गेला, तोच प्रश्न शनिवारच्या पानानेही अनेक दशके, कायद्याचा आधार न घेता, निकालात काढला होता. एका बाजूचे प्रयोग 'सहकुटुंब' पाहावयाचे आणि दुसऱ्या बाजूचे नाव घरात काढावयाचे नाही. येथे कर आकारणीचे उदाहरण उद्बोधक आहे. वस्तू व सेवा कराच्या सवलतीत नाटक आणि नृत्य यांचा उल्लेख शेजारी-शेजारी आहे. २०१८ साली सवलतीची मर्यादा दोन्हींसाठी ५०० रुपयांच्या तिकिटापर्यंत वाढविण्यात आली. कराच्या तक्त्याने जो भेद केला नाही, तो अभिरुचीने केला.

अलीकडे ही रेषा काहीशी पुसट झाली आहे. १९९० च्या दशकातील अकलूज येथील लावणी स्पर्धांनी पारंपरिक कलावंतांना मोठा मंच दिला. नाट्यगृहांतून केवळ स्त्रियांसाठी लावणीचे प्रयोग होऊ लागले आणि त्यांना गर्दी लोटली. स्त्री प्रेक्षकाने ही कला आपलीशी केली, ही घटना सामाजिक इतिहासात नोंदविण्याजोगी आहे. भूषण कोरगांवकर यांचे 'संगीत बारी' (२०१४) हे पुस्तक आणि त्यावर आधारित, सावित्री मेधातुल यांचा प्रमुख सहभाग असलेला रंगमंचीय प्रयोग यांतून शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या परंपरेतील कलावंत स्वतःच्या नावानिशी सुशिक्षित प्रेक्षकांपुढे आल्या. आकृतिबंधाबरोबर कलावंतही आत आला, असे हे दुर्मीळ उदाहरण होय.

९. साधनाची मर्यादा आणि अध्यापकांचे काम

नाट्यजाहिरातींतून तारखा, नाट्यगृहे, नटसंच, दर आणि प्रयोगसंख्या यांची माहिती मिळते. 'लोकाग्रहास्तव', 'शतक महोत्सवी प्रयोग', 'फक्त प्रौढांसाठी' अशा शब्दांतून प्रेक्षकाविषयीच्या कल्पना कळतात. मात्र जाहिरात हे विक्रीचे साधन आहे. 'हाउसफुल्ल' हा शब्द जमाखर्चाच्या वहीशी ताडून पाहावा लागतो. दुसरे असे की, जो जाहिरात देऊ शकत नाही, तो या साधनात नाही. म्हणून पोलीस परवान्यांची दप्तरे, यात्रा समित्यांच्या वह्या, फडमालकांकडील करारपत्रे आणि वयोवृद्ध कलावंतांच्या मुलाखती ही साधने जाहिरातीच्या शेजारी ठेवल्याविना चित्र पूर्ण होत नाही.

या कामाला विलंब परवडणारा नाही. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांचा पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून सुरू झाला होता; शनिवार मोकळा झाला आणि पाहावयास काही उरले नाही. ५ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे मराठी रंगभूमी दिनी, निम्म्या आसनक्षमतेने नाट्यगृहे उघडण्यास परवानगी मिळाली, त्याची बातमी झाली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत यात्रा झाल्या नाहीत, म्हणून फडांचे दोन हंगाम बुडाले. त्याची दखल त्या मानाने थोडी घेतली गेली. कलावंतांनी व्यवसाय सोडला की त्यांच्याबरोबर पाठ असलेले वग, चाली आणि अदाही जातात. त्यांची छापील प्रत बहुधा कोठेच नसते.

महाविद्यालयीन अध्यापकांना या संदर्भात दोन गोष्टी सहज करता येतील. पहिली, ग्रंथालयातील जुन्या वृत्तपत्रांच्या बांधीव फाइली रद्दीत जाण्यापूर्वी त्यांतील जाहिरातींची पाने जतन करावीत. लेखांची कात्रणे ठेवून जाहिराती टाकून देण्याची रीत सोडावी. दुसरी, इतिहास, मराठी आणि समाजशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांना एकाच शनिवारी आपल्या तालुक्यात झालेल्या सर्व प्रयोगांची यादी करावयास सांगावी. नाटक, तमाशा, भारूड, जागरण-गोंधळ, वाद्यवृंद, लावणी, काहीही वगळू नये. त्या यादीतील कोणत्या प्रयोगांची नोंद वृत्तपत्रात सापडते, हे ताडून पाहिले की प्रस्तुत लेखातील प्रतिपादन विद्यार्थ्यांना स्वतः तपासता येईल आणि आवश्यक तेथे खोडूनही काढता येईल.

१०. समारोप

सुटीच्या दिवशी काय पाहावे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. त्याच्या उत्तरावर मात्र नाट्यगृहाची तारीख, कलावंताचे पोट आणि पुढे इतिहासातील नोंद अवलंबून राहिली आहे. संस्थानिकाचे निमंत्रण, मंडळीचे हस्तपत्रक, वृत्तपत्राचे पान, मान्यवराचे पत्र आणि आता भ्रमणध्वनीवरील तिकीटविक्री, असा शिफारशीचा प्रवास झाला. प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी आत आले आणि कोणी तरी बाहेर राहिले. तमाशाची ढोलकी, बावन्नखणीची लावणी आणि बर्लिनचे उपरोधी गाणे आपण रंगमंचावर आनंदाने स्वीकारले. ती कला पिढ्यान्पिढ्या सांभाळणाऱ्या माणसांना तोच मान देण्यास आपण उशीर केला. इतिहासाच्या अभ्यासकाने निदान आपल्या यादीत तो उशीर करू नये.